मंत्रिमहोदय, माझे सहा ब्लॉक कुठे गेले?

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

काल हॉस्पिटलचं पत्र आलं. एकच ओळ: 'सदर ब्लॉक अभिलेखात आढळून येत नाहीत.' खाली शिक्का आणि कोणाची ते न कळणारी सही. गेल्या दिवाळीआधी आपण आमच्या ठाण्यात फीत कापायला आला होतात. कॅन्सरच्या पेशंटला आता तपासणीसाठी वणवण करावी लागणार नाही, असं म्हणालात. मी टाळ्या वाजवल्या. मला कॅन्सर आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

ब्लॉक म्हणजे सिमेंटचे नव्हेत, साहेब. माझं फूटभर मोठं आतडं कापून काढलं, त्यातल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून प्लॅस्टिकच्या छोट्या कॅसेटमध्ये ठेवले. एकेक आगपेटीपेक्षा लहान. रिपोर्टमध्ये दुसरी स्टेज, लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पसरतो त्या आतड्याजवळच्या छोट्या ग्रंथींत, काही नाही. पण नोड तपासले नऊ, आणि निदान बारा तरी तपासायला हवेत. उरलेल्या तिनांत काय होतं, हे मी रोज रात्री तीनला उठून छताला विचारतो. बायको जागीच असते, पण झोपल्याचं सोंग घेते.

केमो द्यायची की नाही, डॉक्टर काठावर आहेत. आधी एमएसआय तपासणी करा म्हणाले, म्हणजे गाठीतल्या पेशींची डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा बिघडली आहे का ते बघायचं, कारण ती बिघडलेली निघाली तर एकट्या नेहमीच्या केमोच्या गोळ्यांचा माझ्यासारख्याला फारसा फायदा नाही. त्याला ब्लॉक लागतो. पुतणी बायोटेक शिकलेली, तिने मायक्रोआरएनएचं काढलं. जनुकांना आवर घालणारा, जेमतेम बावीस अक्षरांचा रेणू. १९९३ मध्ये अँब्रोस आणि रवकुन या शास्त्रज्ञांनी तो एका किड्यात दाखवला, २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आतड्याच्या गाठीत एमआयआर-२१ हा त्यातला एक रेणू जास्त असेल तर पेशंटचं पुढे बरं चालत नाही, असं २००८ च्या एका अभ्यासात दिसलं. त्यात अमेरिकेतले आणि हाँगकाँगचे पेशंट होते. डॉक्टर म्हणाले, काका, हे अजून संशोधनातच आहे, त्यावरून औषध ठरत नाही. पण ब्लॉक आणा, अभ्यासासाठी पाठवून बघू. पुतणी म्हणाली, बाकीचा आरएनए तुटून जातो, हा मात्र मेणात वर्षानुवर्षं टिकतो.

टिकत असेल. मेणच आपल्या राज्यात सात आठवडे टिकलं नाही.

ब्लॉक ठेवतात ती खोली मी पाहिली. जिन्याखाली, भिंतीला ओल. रद्दीच्या पोत्यांवर टेबलफॅन. खोक्यावर स्केचपेनने लिहिलेला महिना ओलीने पसरून निळा डाग झालेला. तिथला माणूस म्हणाला, "बाबा, रिपोर्ट मिळाला ना? मग ब्लॉक कशाला हवा?" त्याच्यावर राग नाही माझा. तो कंत्राटावर, तीन महिने पगार नाही म्हणाला.

मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं टूलरूम सांभाळली. एक प्लग गेज, भोकाचं माप तपासायचा लोखंडी तुकडा, मिळालं नाही तर फोरमन कोणाला गेटबाहेर सोडत नसे. लोखंडाच्या तुकड्याला रजिस्टर होतं, साहेब. माझ्या आतड्याला नाही. आपल्या वाढदिवसाचे फलक तीन हात नाक्यापासून माजिवड्यापर्यंत मी रिक्षातून मोजले, एकेचाळीस. सहा-सात सुटलेही असतील, पोटाला टाके होते, मान वळत नव्हती. त्यातल्या एकाच्या पैशात लोखंडी कपाट येतं. हिशेब चुकला असेल तर आपल्या लोकांनी दुरुस्त करावा, तेवढेच कामाला लागतील.

सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डावर पाच लाख लिहिलंय. छान. पण त्या पाच लाखांत खोकं उघडून बघणारा माणूस बसत नाही. इमारत बांधता येते, तिला पाटी लावता येते, फीत कापता येते. खोक्यावर नंबर घालायला कोण येणार? त्याचा फोटो निघत नाही ना.

केमो द्यायचीच तर ऑपरेशननंतर आठेक आठवड्यांत सुरू व्हावी म्हणतात. आज एकोणपन्नासावा दिवस. ब्लॉक शोधा. नसतील तर कोणाच्या हातून गेले ते लिहून द्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाजाने का होईना, ठरवता येईल. 'आढळून येत नाहीत' यावर केमो ठरत नाही.

पावती माझ्याकडे आहे, सहाही नंबर तिच्यावर आहेत. सोमवारी दहा वाजता मी पुन्हा त्या खिडकीशी उभा असेन. डबा घेऊन.

आपला,
एक ठाणेकर