तो हात जिंकल्याचा नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या जुन्या फोटोंच्या पानावर मैदानातल्या मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीच्या उंचवट्यांवरून होणाऱ्या मोटरसायकल शर्यतीचा, एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आला होता, त्याबद्दल आधी मनापासून आभार, कारण तो बघितला आणि मी सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत हातातून ठेवला नाही. पण खाली जी ओळ छापली आहे, "विजयी मुद्रेत हात उंचावलेला रेसर", ती साफ चुकीची आहे. तो हात जिंकल्याचा नाही. रेसचे अजून चार लॅप बाकी होते. मला एवढं खात्रीने माहिती आहे कारण फोटोच्या उजव्या कडेला एक अर्धा कापलेला हात आणि त्यात पांढरट फडकं दिसतंय ना, तो हात माझा आहे. आणि ते फडकं पांढरं नाही, पिवळं आहे.

पिवळा झेंडा हलवला की पुढे धोका आहे, वेग कमी करा, कोणी कोणाला ओव्हरटेक करायचं नाही. मोटोक्रॉसमध्ये याची किंमत फार, कारण मातीचा उंचवटा चढून गाडी हवेत गेली की पलीकडे जमिनीवर काय पडलंय हे चालवणाऱ्याला दिसतच नाही, दिसतं तेव्हा तो वरून खाली येत असतो. म्हणून प्रत्येक जंपपाशी एक माणूस झेंडा घेऊन उभा. रेसरचा उंच झालेला तो हात मागच्यांसाठी आहे, की बाबांनो मी स्लो करतोय, माझ्या अंगावर येऊ नका. पिवळा बघून एक हात हँडलवरून काढून मागच्यांना दाखवायचा, तोही चिखलात आणि पहिल्या नंबरवर असताना, हे तुम्ही करून बघा म्हणजे कळेल.

हे नव्वदच्या आसपासचं. तेव्हा आमच्या मोटरसायकल क्लबात टू-स्ट्रोकचं, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणाऱ्या गाड्यांचं राज्य होतं. १९८३ मध्ये राजदूत ३५० आली आणि १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १००, आणि या दोन गाड्यांनी एका अख्ख्या पिढीचे कान बिघडवले. राजदूत ३५० म्हणजे ३४७ सीसीचं जुळं इंजिन, सुरुवातीच्या मॉडेलला तीस घोड्यांच्या वर ताकद, आणि पुढे ब्रेक कसला तर ड्रम! जपानात त्याच गाडीला डिस्क होती, आपल्याकडे काढून टाकली, म्हणजे पळायचं कसं ते दिलं आणि थांबायचं तुमचं तुम्ही बघा. आरएक्स त्या मानाने शहाणी, ९८ सीसी, अकरा घोडे, वजनाला हलकी, आणि कोणत्याही पोराला रविवारी दुपारपर्यंत खोलून जोडता येईल अशी. येझदीवाले आमच्यातले वडीलधारे. त्यांचा एकच दांडा, किक मारायची आणि तोच दुमडून खाली केला की गिअर, नवीन माणूस पाच मिनिटं नुसता किक शोधत बसायचा. बुलेटवाले सगळ्यात शेवटी यायचे आणि सगळ्यात जास्त बोलायचे. बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, बाकी सगळ्या गाड्यांचं उलटं, त्यामुळे गाडी अदलाबदल करायची तर उतारावर करायची नाही असा आमचा नियम, आणि तो नियम माझ्यामुळे झाला. ब्रेक समजून गिअर दाबला आणि एका माणसाच्या पेरूच्या बागेत गेलो. जास्त सांगत नाही.

रेसिंगचं गाव म्हणजे मद्रासजवळचं शोलावरम. दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी, तीच ट्रॅक. मी एकदाच गेलो, रायडर म्हणून नाही, डबे उचलायला. गाडी रेल्वेने पार्सल करायची तर टाकी रिकामी करून दाखवावी लागते, मग गाडीला पोत्यात गुंडाळायचं, आरसे काढून पिशवीत, आणि चोवीस तास डब्यात बसून आपण विचार करायचा की लगेज व्हॅनमध्ये वर काय ठेवलं असेल. उतरलो तर क्लच लिव्हर वाकलेली! स्क्रूटिनीत, म्हणजे रेसआधीच्या गाडी तपासणीत, लिव्हरच्या टोकाला गोळी शाबूत आहे का बघतात, पडल्यावर लिव्हर मांडीत घुसू नये म्हणून. स्टँड काढलेला हवा, इंजिन ऑइलचा नट तारेने बांधलेला हवा, थ्रॉटल सोडला की आपोआप खट्‌कन परत आला पाहिजे. आमचा मिस्त्री रात्री एका दगडावर ती लिव्हर सरळ करत बसला होता, दर दोन ठोक्यांनी बोट फिरवून बघायचा तडा गेला का. शोलावरमच्या रेस पुढे बंद झाल्या, १९९० पासून मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईचा पक्का ट्रॅक आला, मग २००३ मध्ये कोइमतूरला करी स्पीडवे. पण गर्दी म्हणाल तर शोलावरमची ती गर्दी मी परत कुठे बघितली नाही.

या मिस्त्रीबद्दल लिहिलंच पाहिजे कारण तुमच्या फोटोत तो कुठेच नाही. आरएक्सचा ब्लॉक खोलायचा, पोर्ट, म्हणजे मिश्रण आत-बाहेर जायच्या वाटा, कानशीने थोडे थोडे घासायचा, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचा आणि पत्रा कापून वेल्डिंगने पोट फुगलेला सायलेन्सर बनवायचा. ते पोट शोभेचं नसतं, धुराच्या लाटेतून बाहेर पळालेलं ताजं मिश्रण ते परत सिलेंडरात ढकलतं, आणि पोट दोन बोटं मागेपुढे झालं तर गाडी वेगळ्याच आरपीएमला उसळी मारते. मोजमाप त्याच्या डोक्यात. ट्युनिंग बरोबर झालं का हे बघायची त्याची पद्धत अशी की फुल थ्रॉटलला गाडी पळवायची, पळतापळता क्लच दाबून इंजिन बंद, आणि तिथेच थांबून प्लग काढायचा. पांढरा पडला तर पेट्रोल कमी जातंय, इंजिन भाजेल. काळा ओला तर जास्त जातंय. चॉकलेटी आला की तो प्लग तो आम्हाला न बोलता दाखवायचा आणि परत बसवायचा, शाबासकी एवढीच. बाकी बोलणं म्हणजे शिव्या.

आता त्या दिवसाचं. हे मी क्लबात सोडून कुठे सांगितलेलं नाही.

टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. रस्त्यावरच्या आरएक्सला त्यासाठी वेगळा पंप असतो, रेसची गाडी केली की आम्ही तो काढून टाकायचो आणि ऑइल सरळ पेट्रोलमध्ये मिसळायचो, वीसास एक, म्हणजे लिटरला ५० मिली. ऑइल कॅस्टरचं, म्हणजे आपलं एरंडेलच हो, ज्याच्या वासाने लहानपणी आपण घरभर पळायचो तेच. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा कॅस्टरवरूनच आलंय. जळल्यावर मात्र असा काही गोडसर वास येतो की आजही कुठे आला तर मी चालता चालता थांबतो. तर हे मिसळायचं काम माझ्याकडे. दोन कॅन, पाच पाच लिटरचे, एकेकात २५० मिली. मधेच कोणीतरी हाक मारली, मी गेलो, गप्पा मारून आलो, आणि दुसऱ्या कॅनात ऑइल टाकलं. तो दुसरा नव्हता. तो पहिलाच होता.

म्हणजे एका गाडीला डबल ऑइल आणि एका गाडीला नुसतं पेट्रोल. डबलवाली पहिल्या लॅपपासून असा धूर काढत होती की लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना वाटलं काय गाडी बनवलीये! ती तुमच्या फोटोतली. आणि कोरडी गाडी ज्याच्याकडे गेली तो आमच्या मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा, एकोणीस वर्षांचा, दुसऱ्या नंबरवर होता, मग दोन लॅप पहिल्या. मी त्याच मोठ्या जंपपाशी झेंडा घेऊन उभा. आवाज आधी बदलला. टू-स्ट्रोक सीझ होताना, म्हणजे आतून जाम होताना, आवाज बंद नाही होत, आवळत जातो, शिट्टी घशात अडकल्यासारखा. तो जंपवरून उतरला, मागचं चाक जमिनीला लागलं आणि लागल्या लागल्या लॉक झालं, कारण आत पिस्टनने ब्लॉक पकडला होता आणि क्लच दाबायला वेळच मिळाला नाही. गाडी एकीकडे, तो एकीकडे, बरोब्बर जिथे मागचे सगळे उतरणार तिथे.

झेंडा हलवणाऱ्याने गाड्यांकडे पाठ करायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी पाठ केली नाही, म्हणून तो उठला का पडून आहे हे मला दिसत नव्हतं, मी फक्त येणाऱ्यांकडे बघून पिवळा हलवत होतो, आणि डोक्यात त्या दोन कॅनांचा विचार आला तो तिथेच, तेवढ्यात. धूरवाला आला, पिवळा बघितला, थ्रॉटल सोडला, हात वर केला आणि जंप उडी न मारता लोळवत पार केला. त्याच्या मागचे पाच-सहाही तसेच गेले. फोटोग्राफरने तेव्हाच बटण दाबलं असणार.

पोराच्या गळ्याचं हाड मोडलं, सहा आठवड्यात बरा झाला. संध्याकाळी मिस्त्रीने ब्लॉक खोलला, आत भिंतीला पिस्टनचं ॲल्युमिनियम चांदीच्या वर्खासारखं चिकटलेलं, बोट लावून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. एरंडेलाचा वास नव्हता. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून मला मिसळायचं काम नाही, क्लबच्या राइडमध्ये शेवटची गाडी माझी.

ती शिक्षा म्हणून दिली होती पण मी ती पुढे अकरा वर्षं सोडली नाही. तेव्हा मोबाइल नव्हते. वीस गाड्या घाटात निघाल्या की नियम एकच, वळणावर किंवा फाट्यावर मागचा दिसेपर्यंत थांबायचं, दिसला की निघायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्या एकाला सांभाळायचं, पूर्ण ग्रुप कोणी सांभाळायचा नाही. शेवटचा मी थांबलो तर माझ्या पुढचा थांबणार, मग त्याच्या पुढचा, आणि असं करत थोड्या वेळाने सगळ्यात पुढचासुद्धा फाट्यावर उभा, कारण न कळता. पंक्चर, तुटलेली क्लच केबल, रिझर्व्हला लावायला विसरलेला, सगळ्यांना मीच भेटायचो. पुढे १९९६ ला आरएक्स १०० बंद झाली, २००० च्या प्रदूषणाच्या नियमांनी टू-स्ट्रोकचं दुकान आवरत आणलं, २००१ ला पल्सर आली आणि नवीन पोरं फोर-स्ट्रोकवर आली. वास गेला. नियम तोच राहिला.

आता तक्रार. त्याच दिवशी तुमच्या पान तीनवर रात्री रस्त्यावर गाड्या पळवणाऱ्या पोरांची बातमी आहे, त्यातही शब्द "रेसर". सार्वजनिक रस्त्यावर शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, त्यांना जे म्हणायचं ते म्हणा, पण एकाच अंकात दोघांना एक शब्द वापरू नका. आणि गेल्या काही वर्षांत तुम्ही २०२४ च्या बालेवाडीच्या सुपरक्रॉस लीगबद्दल, त्याआधी २०२३ च्या बुद्ध सर्किटवरच्या मोटोजीपीबद्दल भरभरून छापलंत, छानच, सी. एस. संतोष २०१५ ला डकार ही लांब पल्ल्याची अवघड रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला तेव्हाही मी कात्रण ठेवलंय. पण "आपल्याकडे हा खेळ नवीन आहे" असं दरवेळी लिहिता, ते कृपा करून थांबवा. ज्यांनी पोतं गुंडाळून गाड्या मद्रासला नेल्या त्यातले निम्मे अजून इथेच आहेत, गुडघे गेलेत पण बोलतात चांगलं. आमच्या मिस्त्रीला आता ऐकू कमी येतं, तरी प्लग दाखवला तर रंग सांगतो. एखाद्या रविवारी वार्ताहर पाठवा, मी नेतो.

फोटोखालची ओळ मात्र पुढच्या अंकात दुरुस्त करा. तो हात उंचावणारा त्या दिवशी चौथा आला, शेवटच्या लॅपला प्लग ओला होऊन गाडी मरायला लागली होती, डबल ऑइल. नाव छापू नका, त्याला आवडणार नाही. मी ते पान त्याच्याकडे घेऊन गेलो होतो. त्याने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, अरे तुझा झेंडा किती मळका होता, मला जवळ येईपर्यंत दिसलाच नव्हता.

आपला,
उजव्या कडेचा अर्धा हात