हरभरा, खसखस आणि उसातलं व्हॉयेजर

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर बोलायला वेळच मिळाला नाही तुला, म्हणून आता निवांत लिहितोय, कारण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

तुला माहितीय की नव्वीच्या पोरांना अवकाश शिकवायचं म्हणजे मी दरवर्षी व्हिडिओ लावायचो. मस्त रंगीत ग्रह फिरतायत, मागं म्युझिक. आणि पोरं जांभया द्यायची. गेल्या वर्षी एकानं विचारलं, सर हे एडिटिंग आहे ना? त्याचं काय चुकलं रे, रोज मोबाईलवर याहून भारी ग्राफिक्स बघतात ती. तेव्हाच ठरवलं की यंदा स्क्रीन बंद, टेप घेऊन ग्राउंडवर जायचं.

हिशोब सोपा ठेवला. सूर्य ते पृथ्वी १५ कोटी किलोमीटर, ते आपलं १ मीटर. या मापात सूर्य केवढा होतो माहितीय? ९ मिलिमीटर, म्हणजे एक हरभरा! गुरू म्हणजे खसखशीचा दाणा आणि पृथ्वी तर दिसतच नाही, धुळीचा कण. ध्वजाच्या कट्ट्यावर हरभरा ठेवला, एक मीटरवर खडूचा ठिपका, सव्वापाच मीटरवर कागदाला चिकटवलेली खसखस, साडेनऊवर शनी आणि नेपच्यून थेट ३० मीटरवर, पाण्याच्या टाकीपाशी. तिथं उभं राहून पोरं मागं वळून बघायला लागली तर हरभरा दिसेना. एकजण एवढंच म्हणाला, 'सर, मधी काहीच नाय ओ.' अरे हेच तर मला इतकी वर्षं शिकवता येत नव्हतं! पुस्तकातल्या चित्रात सगळे ग्रह खेटून बसलेले असतात, पानावर मावायला पाहिजेत ना.

मग एका पोरीला प्रकाश केलं. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला साधारण सव्वाआठ मिनिटं लागतात, म्हणून तिनं तेवढ्या वेळात एकच मीटर पुढं जायचं. ३५ मिनिटांचा अख्खा पिरियड संपला तरी ती गुरूपर्यंत पोचली नाही. रडकुंडीला आली होती, म्हणाली, 'सर, प्रकाश तर सगळ्यात फास्ट असतो ना, मग मी मुंगीपेक्षा हळू का?' मी उत्तर दिलंच नाही. पाच मिनिटांनी तिचं तिलाच कळलं, आणि कळल्यावर तिचा चेहरा असा काही झाला की काय सांगू तुला.

शेवटी व्हॉयेजर १. ५ सप्टेंबर १९७७ ला सोडलेलं यान, सेकंदाला १७ किलोमीटरनं पळतंय आणि माणसानं बनवलेली सगळ्यात लांब गेलेली वस्तू तीच. आपल्या मापात जवळजवळ १७० मीटर. ग्राउंड संपलं, कंपाउंडच्या फटीतून पलीकडं गेलो आणि शेजारच्या काकांना विचारून त्यांच्या उसाच्या बांधावर एक काठी रोवली. तिथून इकडं निरोप यायला २३ तासांच्या आसपास लागतात, प्रकाशाच्याच वेगानं. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याची एक मेमरी चिप बिघडली आणि ते नुसतं अगम्य काहीतरी पाठवायला लागलं. तर नासाच्या लोकांनी इथून कोडचे तुकडे करून दुसऱ्या मोकळ्या जागांत बसवले, प्रत्येक प्रयत्नाला जायला-यायला दोन दिवस, आणि एप्रिल २०२४ मध्ये ते परत नीट बोललं. सत्तरेक केबी मेमरीचं मशीन रे! पोरांना दाखवलं की तुमचा एक फोटो याहून मोठा असतो.

यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. ते मोबाईलवर लावलं. 'नमस्कार' ऐकू आलं आणि तीस पोरं एकदम गप्प. 'आपलं मराठी? तिथं?' म्हणून काठीकडं बघायला लागली. मग त्याच तबकडीवरची, गायिका केसरबाई केरकरांची भैरवी लावली. आपल्या गोव्यातल्या केरी गावच्या बाई, यान उडालं आणि अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, त्या गेल्या. आवाज अजून चाललाय. मला पुढं बोलताच येईना, तेव्हा तसाच बांधावर बसून राहिलो, पोरंही बसली, उसाची सळसळ आणि भैरवी.

एकानं विचारलं, सगळ्यात जवळचा तारा कुठं येईल? प्रॉक्झिमा, सव्वाचार प्रकाशवर्षं. आकडेमोड त्यांनाच करायला लावली, २६८ किलोमीटर आलं. साताऱ्यातून नाशिक जवळपास तेवढंच, सरळ रेषेत. म्हणजे एक हरभरा इथं, त्याहून बारका दाणा नाशकात आणि मधे आपलं यान कंपाउंडच्या पलीकडच्या बांधावर. हे ऐकून कुणी हसलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत येशील तेव्हा तुझी ती दुर्बीण आण, गुरूचे चंद्र दाखवायचेत, खसखशीभोवती ते किती जवळ फिरतात हे त्यांना बघायचंय.

आणि हो, ती काठी अजून तिथंच आहे. ऊस तोडला तरी काढणार नाही म्हणालेत काका. यान वर्षाला साडेतीन मीटर सरकतं आपल्या मापात, त्यामुळं पुढच्या वर्षी काठी कुणी आणि किती पुढं न्यायची ते पोरांनी वहीत लिहून ठेवलंय.

तुझा,
बाकावरचा जोडीदार