विक्रेता सरकारला सापडतो, ग्राहकाला का नाही?

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी बार्शीत लग्नाचे फोटो काढतो. एका मोठ्या ऑनलाइन कंपनीकडून मी 2 टीबीची, म्हणजे 2000 जीबीची, एसएसडी (फोटो साठवायची, कॉम्प्युटरला जोडायची डबी) मागवली होती. किंमत 8,499 रुपये, सोबत जीएसटीचं बिल. स्वस्ताच्या नादी लागला असेल, असं तुमचे अधिकारी म्हणतील, म्हणून आधीच सांगतो: सोलापूरच्या दुकानात विचारलेला भावही याच्याच आसपास होता. त्या मालाबद्दलची माझी तक्रार काल कंपनीने 'निवारण झाले' असा शेरा मारून बंद केली. निवारण काय झालं, ते मला सोडून सगळ्यांना माहीत असावं.

डबी खोलली तेव्हा आत नखाएवढं मेमरी कार्ड निघालं, ग्लू गनने चिकटवलेलं. हाताला वजन लागावं म्हणून शेजारी लोखंडाची पट्टी. कार्ड 64 जीबीचं, पण कॉम्प्युटरने विचारलं की 2 टीबी सांगायचं, असं पढवून ठेवलेलं. 64 जीबीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पुढचं सगळं जुन्यावरच लिहिलं जातं. फाइलची नावं दिसतात, साइज दिसते, उघडायला जावं तर काही नाही. हे कळेपर्यंत बदलून घेण्याची सात दिवसांची मुदत केव्हाच टळलेली असते. म्हणून तर असल्या मालाला चार-चार स्टार! 'पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेत' लिहिणाऱ्यांनी ती कधी भरून पाहिलेलीच नसते.

माझं काय गेलं? एका लग्नाचे हळदीपासून पाठवणीपर्यंतचे फोटो गेले. मुलीचे आजोबा लग्नानंतर पंधरवड्यात वारले. त्यांचा शेवटचा फोटो त्यातच होता. मुलीच्या काकांनी स्टुडिओत येऊन चारचौघांत विचारलं, "फोटो कुणाला विकलेस का रे?" इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. घेतलेला ॲडव्हान्स परत केला, उरलेले मागायचं तोंड नव्हतं. बार्शी केवढी, हे तुम्हाला दिल्लीत कळणार नाही. बातमी मंगल कार्यालयांत माझ्याआधी पोचली आणि पुढच्या सीझनच्या ऑर्डरी दुसरीकडे वळल्या.

कंपनी म्हणते, आम्ही फक्त बाजार भरवतो, विक्रेता वेगळा. पैसे त्यांच्या खात्यात, खोक्यावर नाव त्यांचं, चिकटपट्टीवर नाव त्यांचं, आणून देणारा पोरगा त्यांचा. चोर तेवढा परका! त्या विक्रेत्याला पाठवलेली रजिस्टर्ड नोटीस 'पत्ता अपूर्ण' म्हणून परत आली. तुमच्या 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात, आणि ग्राहकाने लेखी मागितल्यास विक्रेत्याचा संपूर्ण पत्ता, असं लिहिलंय. मी लेखी मागितला. उत्तर आलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

गंमत बघा, हाच विक्रेता सरकारला मात्र बरोबर सापडतो. त्याच्या विक्रीवर कंपनी टीसीएस (विक्रीच्या पैशातूनच आधी कापून घ्यायचा कर) कापते, 10 जुलै 2024 पासून अर्धा टक्का, आणि त्याच्याच जीएसटी नंबरावर भरते. माझ्या बिलातले बाराशे-तेराशे रुपये कराचे आहेत. म्हणजे या फसवणुकीत सरकारचाही 18 टक्के जीएसटीचा वाटा, असं म्हटलं तर राग येईल, पण हिशेब तसाच होतो.

ग्राहक आयोगात जा, असा सल्ला सगळेच देतात. पाच लाखांपर्यंत फी नाही, अर्ज ऑनलाइन, कायद्याप्रमाणे साधारण तीन महिन्यांत निकाल. कागदावर सगळं झकास. विक्रेत्याच्या पत्त्याचा रकाना काय लिहून भरू, तेवढं सांगा.

21 जून 2021 रोजी तुमच्याच खात्याने त्या ई-कॉमर्स नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढला होता. विक्रेत्याने माल दिला नाही आणि ग्राहक बुडाला, तर जबाबदारी बाजार भरवणाऱ्यावर, असं त्यात होतं. मी म्हणतो, मागवलेल्या मालाऐवजी लोखंडाची पट्टी पाठवणं म्हणजे माल न देणंच. हरकती मागवल्या, मुदत वाढवली, आणि मग? कुणाच्या फोनवरून ती फाइल कपाटात गेली?

वजनमापांचा कायदाही तुमच्याच खात्याचा. आमच्या पेठेतल्या किराणावाल्याच्या मापावर शिक्का नसला तर त्याला दंड होतो. व्हायलाच पाहिजे. आणि 64 जीबीला 2000 जीबी म्हणून विकणारा? एकतीसपट खोटं माप, त्याला कुठला निरीक्षक? आमच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर दहात तिघे तरी असे फसलेले निघतात. देशभराचा हिशेब शेकडो कोटींत जाईल. चुकत असेन तर खरा आकडा तुम्ही छापा. पण छापणार कसा, मोजतंय कोण? मला साधं सिमकार्ड घ्यायचं तर ओळखपत्र दाखवावं लागतं, वीजबिल लांबलं की दंड लागलाच, आणि देशभर माल विकणाऱ्याचा पत्ता मात्र 'अपूर्ण'! हे राज्य नेमकं कुणाची ओळखपत्रं तपासायला बसलंय? मत मागायला येताना आमच्या गल्लीचा पत्ता कधी अपूर्ण नसतो.

8,499 रुपये गेले तर गेले. त्या विक्रेत्याचं खरं नाव-गाव आणि त्या मसुद्याचा नियम कधी होणार याची तारीख, एवढं कळवा. फक्त उत्तरात 'योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित' असं लिहू नका. ते पत्र माझ्याकडे आधीच आहे.

आपला,
एक स्टुडिओवाला, बार्शी