घाटीतला घाटी

परळ, मुंबई
7 डिसेंबर, रविवार

प्रिय विठ्या,

तू फोनवर म्हणालास, "मुंबईला गेला अन् आम्हाला विसरला." विसरलो नाही रे. पण पाच महिन्यांत आपण दोन मिनिटांच्या वर बोललो नाही, हे खरंय. मी मोकळा असलो की तू पाण्याच्या मोटारीवर, तू मोकळा झालास की माझी नाईट. आज मला ऑफ आहे, खोलीतले चौघंही बाहेर गेलेत आणि आख्खी कॉट माझी एकट्याची आहे. असा योग महिन्यातून एखादवेळी येतो, म्हणून म्हटलं फोन नको, सावकाश लिहू.

लालबागला एका चाळीत 'कॉट बेसिस'वर राहतो. म्हणजे खोली भाड्याने मिळत नाही, कॉट मिळते. खोली दहा बाय बारा, माणसं पाच, कॉट तीन. तरी हिशोब बसतो, कारण दोघं-तिघं कायम कामावर असतात. मी नाईट करून नऊच्या सुमारास येतो तेव्हा कुरियरवाला नुकताच उठून गेलेला असतो आणि गादी अजून गरम असते. पहिल्या दिवशी मी त्या गादीच्या कडेला अर्धा तास नुसता बसून राहिलो होतो. आता बूट काढले की आडवा.

मालकीणबाई मालवणकडच्या, आम्ही काकू म्हणतो. त्या सांगतात, सासूच्या काळात याच खोलीत गिरणीकामगार पाळीपाळीने झोपायचे आणि सासू त्यांची खानावळ चालवायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. जेवणारे एकेक करून गावाला गेले, "संप मिटला की पैसे देतो" म्हणून. सासूची वही काकूंनी अजून ठेवलीय. नावं, महिना, पुढे आकडे. किती जणांचे आकडे खोडलेले नाहीत ते मी मोजत बसलो होतो, तर म्हणाल्या, "ठेव ती. जेवलंस मा?" एवढंच विचारतात त्या, पण रोज विचारतात.

ही जागा मिळायच्या आधी चार ठिकाणी नकार खाल्ला. एक तर बॅचलर, त्यात रात्रपाळी, त्यात दवाखान्यातला. एकाने तोंडावर सांगितलं, "रोगराई घरात आणाल." लेडीज स्टाफला निदान हॉस्टेल आहे, आम्हा ब्रदर लोकांसाठी, म्हणजे पुरुष नर्ससाठी, कुणी सोयच केलेली नाही.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. मी जुलैत आलो तो आधी दुसऱ्याच एका खाजगी दवाखान्यात लागलो होतो. नाव लिहीत नाही. त्यांनी रुजू होताना माझी मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली, नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनच्या कागदासकट, आणि वर्षाचा बाँड लिहून घेतला. मुलाखतीत सांगितलेला पगार हातात आलाच नाही. सोडतो म्हटल्यावर कागद अडवले. शेवटी एक महिन्याचा पगार त्यांच्याकडेच सोडला, कागद उचलले आणि इथे परळला आलो. मायला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नको. गणपतीला घरी पैसे का आले नाहीत, त्याचं कारण हे आहे. तिला मी "बँकेचा प्रॉब्लेम" सांगितलं होतं.

आता गंमत ऐक. पहिल्या आठवड्यात रूमवरचा एक रत्नागिरीकर मला सारखा घाटी, घाटी म्हणायचा. मला वाटलं याला कसं कळलं! मी खुशीत म्हणालो, "हो, घाटीतच होतो, ट्रेनिंगचे सगळे वॉर्ड तिथेच केले." तो नुसता बघत राहिला. आपल्याकडे घाटी म्हणजे संभाजीनगरचा सरकारी दवाखाना. इथे घाटी म्हणजे घाटावरून आलेलं अडाणी माणूस. त्याला ते समजावून सांगितलं तेव्हा तो इतका हसला की त्या दिवसापासून आमचं जमलं. आता तो माझी ओळखच "घाटीतला घाटी" अशी करून देतो.

पण भाषेचा धसका मी घेतला होता, हे कबूल करतो. नव्या वॉर्डात तिसऱ्याच दिवशी माझ्या तोंडातून 'का'च्या जागी आपलं "कामून" निघालं आणि ड्युटी रूममध्ये सगळे हसले. वाईट मनाने नाही हसले, तरी हसलेच. मग महिनाभर मी टीव्हीवर बातम्या देतात तसं बोलत होतो. "आपल्याला काय त्रास होतोय?" पेशंटसुद्धा बुजायचे.

वॉर्ड मेडिसिनचा. इथे नावाने कुणी हाक मारत नाही. मी ब्रदर, आया त्या मावशी, वॉर्डबॉय ते मामा. कॉलेजात जे शिकलो त्याच्या दुप्पट या मावशी-मामांनी शिकवलं. सुरुवातीला एका आजोबांच्या हाताची शीर तीनदा टोचून सापडेना. त्यांचा हात निळा, माझा घामाने ओला. मावशी लादी पुसता पुसता म्हणाल्या, "ब्रदर, त्यांचा हात जरा कॉटच्या खाली लोंबू दे. आणि गरम पाण्याचा कपडा ठेव दोन मिनिटं." ठेवला. शीर वर आली. गुलाबी व्हेंफ्लॉन, म्हणजे शिरेत ठेवायची नळी, बाजूला ठेवून निळा घेतला, 22 नंबरचा, बारीक असतो तो, आणि गेला आत. आजोबा म्हणाले, "आधी मावशीलाच का नाही बोलावलं?"

सलाईन लावताना मला हटकून तुझं ठिबक आठवतं. तुझा ड्रिपर तासाला चार लिटरचा, माझा तासाला साठ मिलीचा. आमच्या सेटला 20 थेंबांचा एक मिली होतो. 500 ची बाटली आठ तास चालवायची तर मिनिटाला 21 थेंब पडले पाहिजेत. घड्याळ डोळ्यापुढे धरून मोजायचे, चाक पुढे-मागे करायचं. आणि मी पाठ वळवली की नातेवाईक चाक सैल करून मोकळे! लवकर संपली की लवकर सुट्टी, असा त्यांचा हिशोब. तुझ्याकडे सालगडी कॉक उघडा टाकून निघून जातो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे झाड बोंब मारतं.

खरंच मारलं एका झाडाने. ऑक्टोबरमधली गोष्ट. परभणीकडच्या एक आत्याबाई होत्या, जुलाबाने पार गळून गेलेल्या. सलाईनमध्ये पोटॅशियम चालू होतं. ते हळूहळूच द्यायचं असतं आणि तरी त्याने शिरेची आग होते. रात्री आमचे रेसिडेंट डॉक्टर राउंडला आले. पोरगा उत्तरेकडचा, कामाला वाघ, पण मराठी चार महिन्यांची. त्यांनी विचारलं, "दर्द है?" त्या म्हणाल्या, "दुखत नाही हो, भगभगतंय." डॉक्टरने "दुखत नाही" तेवढं उचललं आणि पुढच्या कॉटवर गेले. मी चार पावलं मागे होतो. भगभगतंय? चादर बाजूला केली तर व्हेंफ्लॉनच्या वरपर्यंत हात लाल, टच्च सुजलेला आणि हाताला गरम लागत होता. सलाईन बंद केलं, डॉक्टरांना मागे बोलावलं, दुसऱ्या हाताला नवीन लाईन घेतली. तोवर आत्याबाई गपगार पडून होत्या, जसं काही चूक त्यांचीच.

राउंड संपल्यावर डॉक्टर खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले, खिशातली वही काढली आणि म्हणाले, ऐसे और कितने वर्ड हैं? रात्री अडीचला आम्ही यादी करत बसलो होतो. ठणकतंय म्हणाले तर आत पू झालाय का बघा. कळ येते म्हणाले तर ती थांबून थांबून येते का विचारा. चमक निघते म्हणजे एका क्षणात येऊन गेली. सल म्हणजे आत काहीतरी रुतून बसल्यासारखं. लघवीला चुरचुर, डोळ्याला खुपतंय, पायाला गोळे, पोटात ढवळतंय. मी सांगत गेलो आणि मलाच नवल वाटत गेलं की आपल्या आयाबाया किती नेमकं बोलतात! एका 'पेन'मध्ये हे कसं मावायचं? त्या दिवसापासून बातम्यांची मराठी बंद केली. आता डॉक्टरच मला हाक मारतात, "ब्रदर, जरा आओ, ये कामून वाले पेशंट हैं."

पहिला मृत्यूही याच वॉर्डात पाहिला. म्हणजे घाटीत पाहिले होते, पण तिथे मी शिकाऊ होतो, मागे उभा असायचो. इथे माझ्या ड्युटीत एक आबा गेले. सगळं करायचं होतं ते मी हाताने केलं, फक्त हात माझे आहेत असं वाटत नव्हतं. मामा हनुवटीखालून पट्टी बांधत होते. कुशीवर वळवताना म्हणाले, "चला आबा, जरा अंग सैल सोडा. हां, झालंच." मी विचारलं, मामा, तुम्ही बोलताय त्यांच्याशी? ते म्हणाले, "तेवीस वर्षं बोलतोय." सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर देताना मी त्या कॉटचा नंबर दोनदा चुकीचा सांगितला.

बरं, काल 6 डिसेंबर होता. आमच्यातल्या काही जणांनी शिवाजी पार्कजवळ एका मांडवात मोफत तपासणीची ड्युटी घेतली होती, मीही गेलो. विठ्या, दादरला मराठवाडा उतरला होता रे! पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट, खांद्यावर पिशव्या, हातात नुकती विकत घेतलेली पुस्तकं, आणि सगळीकडून आपली बोली. पाच महिन्यांत इतकी कधी कानावर पडली नव्हती. आमच्याकडे येणारे बहुतेक पायाला फोड आलेले, चक्कर आलेले, बीपीची गोळी घरीच विसरून आलेले. एका म्हातारीला दोघांनी धरून आणलं. जीभ कोरडी, नाडी फास्ट. पाणी पुढे केलं तर घेईना. मी विचारलं, "पाणी कामून पेत नाही मावशी?" तर हळूच म्हणाली, "लघवीला जावं लागलं तर रांग सुटती ना बाबा." आणि मग एकदम मान वर करून, "तू कुठला रे?" मी म्हणालो, अंबडचा. "मंग असं सांग की! आम्ही घनसावंगीचे."

ओआरएसचे दोन ग्लास पाजले, तासभर पंख्याखाली झोपवलं. उठली, तरतरीत झाली आणि निघताना फडक्यातून एक भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. ज्वारीची, दोन दिवसांची, कडकडीत, वर लाल ठेचा. इथे काकूंकडे तांदळाची भाकरी असते, चांगली असते, पण ती ही नव्हे. मी मांडवाच्या मागे जाऊन उभ्यानेच खाल्ली. ठेचा जास्तच तिखट होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं मी रत्नागिरीकराला सांगितलं. त्याने विश्वास ठेवला नाही.

आता कामाचं. तुला आज चार हजार पाठवलेत. शेवटच्या वर्षाची फी भरायला तू मोसंबीच्या पट्टीतले बारा हजार काढून दिले होतेस, त्यातले. परत पाठवलेस तर मी पुन्हा पाठवीन, उगाच दोघांचा वेळ जाईल. बागेचं पाणी तोडून ताण दिला असशील. पाणी कधी सोडणार ते कळव, त्या हिशोबाने मी जानेवारीत रजा टाकतो. सिस्टर इन्चार्जला आत्तापासून धरून बसलो तर तीन दिवस मिळतील.

त्याआधी तुला यायचं असेल तर देवगिरीने ये आणि दादरलाच उतर. तिथून स्लो लोकल पकड, स्लो! माझ्यासारखं करू नको. मी एकदा फास्टमध्ये बसलो, परळचा फलाट खिडकीतून पळत गेला आणि मी उतरलो थेट भायखळ्याला. तेही दाराशी उभ्या माणसाने "उतरायचंय का?" विचारल्यावर मी उत्तराचा विचार करेपर्यंत मागच्यांनी ढकलून उतरवलं म्हणून.

येताना ज्वारीचं पीठ आण, पाच किलो, मायच्या जात्यावरचं नसलं तरी चालेल, पण नव्या दळणाचं आण. जुन्याची भाकरी थापताना चिरते. काकू म्हणाल्यात, एकदा करून बघते. मी त्यांना थापायला शिकवणार आहे, म्हणजे तू शिकवणार आहेस. मला कुठे येते.

बापूंना आणि वहिनीला नमस्कार सांग. बापूंच्या पायाला रात्री नक्की काय होतं ते नीट विचारून घे: मुंग्या येतात, आग होते, का गोळे येतात? "दुखतो" एवढंच लिहून पाठवू नको.

तुझा,
माधव