थंडीत एक दिवसाची पिल्ले वाटू नका

महोदय,

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहते. दीड एकर धानशेती आहे आणि आंगणात कोंबड्या. मागच्या डिसेंबरात आमच्या बचत गटातल्या १० बायांना एका योजनेतून प्रत्येकी १०० पिल्ले मिळाली, एक दिवसाची. गाडी सकाळी येणार होती, ती दिवेलागणीनंतर आली. खोके उघडले तेव्हाच पिल्लांचे पाय हाताला गार लागत होते.

"बल्ब लावून ठेवा," एवढेच आम्हाला सांगितले होते. मी दुकानातून ९ वॅटचा एलईडी आणला. उजेड भरपूर पडला, म्हणून मी निश्चिंत झाले. त्या बल्बखाली हात धरून पाहायचे सुचले नाही. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. ऊब जुन्या तारेच्या १०० वॅटच्या बल्बची असते आणि तो आता आमच्या बाजारात सहज मिळत नाही. त्यात रात्री २ च्या सुमारास वीज गेली. पहाटे पाहते तर सगळी पिल्ले एका कोपऱ्यात ढीग करून बसलेली. वरची जिवंत होती. खालची चेंगरून, गुदमरून मेली होती. मी ६२ मोजली. माझ्या जावेने थंडी शिरू नये म्हणून खोलीच्या सगळ्या फटी बारदान्याने बुजवल्या आणि आत कोळशाची शेगडी ठेवली. तिची पिल्ले थंडीने गेली नाहीत, कोंडलेल्या वायूने गेली.

गावात म्हणतात, आपल्या गावरान कोंबडीची पिल्ले थंडीत हिंडतातच की. हिंडतात, पण दर थोड्या वेळाने आईच्या पंखाखाली शिरतात. कोंबडीचे अंग माणसापेक्षा गरम, ४१ अंशांच्या आसपास असते. मशीनवर उबवलेल्या पिल्लाला ती आई नसते. त्याला पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी केले तरी चालते. अंगावर पुरती पिसे यायला पाच-सहा आठवडे जातात. आमच्याकडे थंडीच्या लाटेत पारा १० च्या खाली जातो. नागपुरात तर २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले होते. नुसत्या पिवळ्या लवेवर पिल्लू तिथे कसे तगेल?

उरलेल्या ३८ पैकी ३१ मी जगवली. पहिल्यांदा खोलीचे कोपरेच काढून टाकले: जुनी पत्र्याची पट्टी गोल वाकवून उभी केली आणि पिल्ले त्या गोलात ठेवली. गोलात ढीग करायला जागा सापडत नाही. खाली तीन बोटे धानाचा तूस घातला, ओला झाला की लगेच बदलला. घरात एक कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, होती. रात्री अंधारात तिच्याखाली १० पिल्ले सरकवली, सकाळी ती त्यांना आपलीच समजून चारू लागली. बाकीच्यांसाठी भावाने नागपूरहून तारेचे दोन बल्ब आणून दिले. वीज गेली की मडक्यात गरम पाणी भरून, पोत्यात गुंडाळून मधोमध ठेवायची, त्यासाठी रात्री दोनदा उठायची. पिल्ले बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असली तर त्यांना थंडी वाजते आहे, दूर पळून चोच उघडून धापा टाकत असली तर ऊब जास्त झाली, आणि सगळीकडे पसरून टिपत असली तर बरोबर आहे. थर्मामीटर नव्हता, यावरच चालवले.

बाहेर काढायची घाई मी केली नाही. चौथ्या आठवड्यापासून, दहिवर पूर्ण वाळल्यावर, १० वाजता डाल्याखाली उन्हात ठेवायची आणि ४ च्या आत घरात घ्यायची. उत्तरेकडून तणसाची पेंढी आडवी लावायची, वारा जमिनीलगत लागतो. पाण्याच्या थाळीत गोटे टाकायचे. नुसत्या थंडीपेक्षा भिजल्याने पिल्लू लवकर मरते.

पिल्ले दिली नाहीत तरी चालेल असे मी म्हणत नाही. त्या ३१ मधल्या कोंबड्यांच्या अंड्यांवर माझ्या मुलीचा बसचा पास निघतो. माझे मागणे एवढेच आहे की दिवाळीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत एक दिवसाची पिल्ले वाटू नयेत. द्यायचीच तर पिसे आलेली, सहा आठवड्यांची द्यावीत, मग १०० च्या जागी ४० मिळाली तरी चालतील. गाडी सकाळीच यावी, आणि पिल्लांसोबत तारेचे दोन बल्ब द्यावेत.

आमच्या गटाला पुढचे वाटप जानेवारीत असल्याचे कळवले आहे. त्याआधी हे पत्र छापले तर यादीत नाव असलेल्या बायांना निदान पत्र्याची पट्टी शोधून ठेवता येईल.

- एक कोंबडीपालक शेतकरी महिला,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया