दूध काढणाऱ्या हसऱ्या बाळाला थेंब नकोत, वजनकाटा हवा

मा. संपादक,
स. न.

पाजून झाल्यावर बाळाने घोटभर दूध बाहेर काढलं की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘आईचं दूध याला पचत नाही’ आणि ‘उलटीचे थेंब आणा’. पहिल्या वाक्यापायी अंगावरचं दूध तोडून पावडरीचा डबा सुरू होतो. दुसऱ्यापायी गरज नसलेलं औषध महिनोन्महिने पोटात जात राहतं. बाळ मात्र दूध काढून झालं की हसतं, हातपाय झाडतं, पुन्हा प्यायला तयार असतं. अशा बाळाला आजार नसतो. हे पत्र त्याच्या आईवडिलांसाठी, आणि तितकंच आजीसाठी आहे.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूचं एक कडं असतं. ते अधूनमधून आपोआप सैल पडतं. मोठ्या माणसांतही पडतं, पण तान्ह्या बाळाची अन्ननलिका आखूड, अन्न सगळं पातळ आणि दिवस जवळपास आडवाच जातो, म्हणून दूध थेट तोंडाशी येतं. जठरही चिमुकलं असतं. आठवड्याभराच्या बाळाच्या जठरात एका वेळी ४५ ते ६० मिली दूध मावतं. बाहेर आलेलं दूध कधी दह्यासारखं फुटलेलं असतं. जठरातल्या आम्लाने ते तसं होतं, म्हणजे पचन सुरू झालेलं असतं. आईचं दूध नासलेलं किंवा ‘पातळ’ नसतं. नाकातून दूध आलं तरी घाबरू नये, कारण नाक आणि घसा आतून जोडलेलेच आहेत. बाळाला कुशीवर वळवावं, बाहेर आलेलं दूध पुसावं. बोट घालू नये, फुंकर मारू नये, उलटं धरू नये.

हा प्रकार बहुधा पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतो आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. त्या वयाची निम्म्याहून अधिक बाळं दिवसातून एकदा तरी दूध काढतात. बाळ बसू लागलं, घट्ट खाऊ लागलं की प्रमाण उतरतं आणि वर्षाच्या आत दहांतल्या नऊ बाळांचं थांबतं.

‘सगळंच काढलं हो!’ असं वाटतं तेव्हा एक प्रयोग करावा. कोरड्या दुपट्यावर दोन छोटे चमचे, म्हणजे १० मिली, पाणी ओतून डाग किती पसरतो ते पाहावं. बाळाने केलेला डाग बहुतेक वेळा तेवढाच किंवा त्याहून लहान निघतो. खरा हिशेब वजनाचा. जन्मानंतर घटलेलं वजन दोन आठवड्यांत भरून यायला हवं, पुढे पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी आणि दिवसातून सहा किंवा जास्त वेळा भरपूर शू हवी. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येऊन वजन करतात, पुढे अंगणवाडीत होतं. दर वेळी ते माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखावर मांडून घ्यावं. रेषा वर चढत असेल तर प्रश्न फक्त कपडे धुण्याचा उरतो. दुधाचे कपडे आधी गार पाण्यात भिजवावेत, गरम पाण्याने दुधातली प्रथिनं कापडात बसतात आणि वास जात नाही. मानेच्या घड्यांत दूध साचून कातडी लाल होते. तिथे ओल्या कापसाने पुसून नीट कोरडं करावं, पावडर टाकू नये.

कमी कसं करता येईल? बहुतेक उत्तर पाजण्यातच आहे. बाळ रडलं की लगेच छातीशी, अशी सवय लागते. पण भुकेची खूण रडण्याच्या आधीच दिसते: तोंड वळवून शोधणं, मुठी तोंडात घालणं. मूठ उघडली, तोंड बाजूला केलं की पोट भरलं. त्यानंतरचा प्रत्येक घोट बाहेर यायचाच. बाळाने स्तनाग्रासोबत भोवतीचा काळा भागही तोंडात घेतला नसेल तर दुधाबरोबर हवा गिळली जाते. पान्हा जोराचा असेल आणि बाळ ठसकत असेल तर पहिली धार कापडावर जाऊ द्यावी, किंवा आईने मागे रेलून बसावं म्हणजे बाळ वरच्या बाजूने पिईल. एक बाजू पिऊन झाली की ढेकर काढावी. बाळाला खांद्यावर उभं धरून पाठीवर हलका हात फिरवावा, थोपटताना धपाटे घालू नयेत. पाच मिनिटांत ढेकर आली नाही तर सोडून द्यावं.

ज्यांना काही कारणाने वरचं दूध द्यावं लागतं त्यांच्याकडे चूक बहुधा मापात असते. साधारण हिशेब वजनाच्या दर किलोला दिवसाला १५० मिलीचा. म्हणजे ५ किलोच्या बाळाला २४ तासांत ७५० मिली, आठ वेळा दिलं तर एका वेळी ९० ते ९५ मिली. बाटलीत १५० मिली भरलंय म्हणून ते संपवायला लावलं की उरलेलं अंगावर येतं. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापाने, सपाट चमच्याने घ्यावी आणि मिसळल्यावर फेस बसू द्यावा. भोक मोठं करायला बाटलीच्या बुचात तापलेली सुई घालण्याची पद्धत घातक आहे, धार लागते आणि बाळ हवा गिळतं. वाटी-चमचा किंवा जुन्या पद्धतीचं बोंडलं केव्हाही बरं, धुवायलाही सोपं.

पाजल्यावर २० ते ३० मिनिटं बाळाला उभं धरावं. लगेच झोळीत किंवा गाडीतल्या बाळखुर्चीत ठेवलं तर शरीर मुडपतं, पोटावर दाब येतो आणि दूध वर चढतं. लंगोट किंवा डायपर पोटावर घट्ट नको. मालिश आणि आंघोळ पाजण्याआधी उरकावी. भरल्या पोटी पालथं घालून पाठ चोळली तर दूध येणारच, त्यात बाळाचा दोष काय? शेगडीवरची धुरी आणि घरातली विडी-सिगारेट दोन्ही बंद व्हावं.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. दूध घशात अडकेल या भीतीने बाळाला पालथं किंवा कुशीवर झोपवलं जातं, डोक्याखाली उशी दिली जाते. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेलं दूध पुन्हा अन्ननलिकेत उतरतं. पालथं झोपवलं की हे उलटं होतं आणि झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही वाढतो. म्हणून झोपताना उताणं, सपाट, टणक गादीवर, उशीशिवाय. मोहरीची उशीही नको.

आता औषधांविषयी. आम्ल कमी करणारी औषधं दूध वर येणं थांबवत नाहीत, येणारं दूध फक्त कमी आंबट करतात. त्यांच्यामुळे जुलाब आणि न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. उलटी थांबवायला देतात त्या डोमपेरिडोनच्या थेंबांचा तान्ह्या बाळांत ठोस उपयोग दिसलेला नाही आणि त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. शेजारच्या बाळाला चाललं म्हणून दुकानातून ते आणणं थांबायला हवं, आणि औषध दुकानदारांनीही चिठ्ठीशिवाय देऊ नये. ग्राइप वॉटर, गुटी, मध हेही नको. वर्षाच्या आत मधातून विषबाधेचा धोका असतो. दूध ‘जड’ करायला तांदळाची पेज किंवा नाचणीचं सत्त्व मिसळतात. सहा महिन्यांच्या आत ते देऊच नये. शिवाय आईच्या दुधातलं अमायलेज हे पाचक द्रव्य पिठूळ पदार्थ फोडतं, त्यामुळे ते घट्ट राहतही नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब भरल्या पोटी दिले तर बाहेर येतात, ते पाजण्याआधी द्यावेत.

‘आजार नाही’ हा दिलासा मात्र पुढे सांगितलेल्या बाळांना लागू नाही. दोन ते आठ आठवड्यांचं बाळ प्रत्येक वेळी लांब फेकली जाईल अशी उलटी करतं आणि लगेच भुकेजतं, तेव्हा जठराचं पुढचं तोंड जाड झालेलं असू शकतं. ते छोट्या शस्त्रक्रियेने बरं होतं, पण उशीर केला तर बाळ कोरडं पडतं. वजन अडलंय, पिताना बाळ पाठ ताणून किंचाळतं किंवा तोंड धरत नाही, शीमध्ये रक्त दिसतं, अंगावर खाजरं पुरळ आहे, अशा वेळी बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे का हे तेच ठरवतील. आईने मनाने दूध-दही सोडून उपाशी राहू नये. सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झालेली किंवा वर्षानंतरही न थांबलेली ओकारीही दाखवून घ्यावी. ताप, फुगलेली टाळू, सुस्ती, कमी शू किंवा उलटीत रक्त असेल तर त्याच दिवशी.

आणि उलटी हिरवी असेल तर एक तासही घालवू नये, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. त्या बाळाला काही पाजू नये, १०८ ला फोन करून लहान मुलांच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं. ते दुपटं धुऊ नये, सोबत घ्यावं. डॉक्टरांना रंग तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेला बरा.

– तान्ह्या बाळांच्या विभागात काम करणारे काही बालरोगतज्ज्ञ व परिचारिका, पुणे