बुधाचे उत्तर आधी द्या

संपादक महोदय,

‘आइन्स्टाइन चुकला’ असे सिद्ध केल्याचा दावा करणारी हौशी लोकांची बाडे मला निवृत्तीनंतरही येतात. परवाचे 140 पानांचे, समीकरण एकही नाही! मी एवढेच विचारतो: बुधाची कक्षा न्यूटनच्या हिशेबापेक्षा शतकाला 43 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) जास्त सरकते; आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून हा आकडा निघतो, तो तुमच्या सिद्धान्तातून काढून दाखवा. उत्तरादाखल बहुधा शिव्या येतात. (एकाने मात्र आकडेमोड करून स्वतःचीच चूक शोधली. ते पत्र जपून ठेवले आहे.) ‘आइन्स्टाइनही पेटंट कार्यालयातला नोकरदारच’ हे पालुपद ठरलेले, 1900 सालची त्याची झुरिकची पदवी सोयीने विसरतात. तरी पाकीट न फोडताच टोपलीत टाकणारे माझे सहकारीही मला पटत नाहीत. 1913 मध्ये केंब्रिजचे गणिती हार्डी यांनी तेव्हा अनोळखी कारकून असलेल्या रामानुजनचे पत्र वाचले होते.

– एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक